सात नंबरची लाइन

ती घटना आठवली की आधी डोळ्यांसमोर येतात त्या टीव्हीच्या पडद्यावरच्या मुंग्या. केबलचं चित्र गेलं की पडद्यावर काळ्या-पांढऱ्या मुंग्या वळवळायच्या, त्या काळातली ही गोष्ट. पोलीस सेवेत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातले बरेचसे आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेले आहेत. कोणता पंच कोणत्या गुन्ह्यातला, हेही सांगता येत नाही. ही तर साधी चोरी होती आणि कुणाला खरचटलंही नव्हतं. पण ह्या गुन्ह्यात मी चुकलो होतो आणि माझी चूक मला एका केबलवाल्याच्या सुनेनं दाखवून दिली. म्हणून हा गुन्हा दुसऱ्या कशात मिसळत नाही.

साल दोन हजारनंतरची ती दोन-तीन वर्षं. मी शिरूरहून बदली होऊन दौंड तालुक्यातल्या एका ठाण्यात सहायक पोलीस निरीक्षक म्हणून आलो होतो. वय चौतीस. शिरूरला दोन घरफोड्या लागोपाठ उघडकीला आणल्या होत्या, त्यामुळे डोक्यात थोडी हवा गेली होती, हे आज कबूल करायला हरकत नाही. माझ्याबरोबर तिकडूनच आलेले एक हवालदार होते, निमोण्याचे. नोकरी पंचवीस वर्षांची, बोलणं मोजकं. मी बोलायचो आणि ते ऐकायचे, अशी आमची वाटणी होती.

गाव हायवेपासून आत, कालव्याच्या कडेला. नाव सांगत नाही, माणसांचीही सांगत नाही. गावात नाथसाहेबांचं देऊळ आणि देवाचा चांदीचा मुखवटा, गावानं पूर्वी कधीतरी वर्गणी काढून घडवलेला. यात्रेच्या पहिल्या दिवशी तो पालखीत बसतो, दुसऱ्या दिवशी दुपारी परत गाभाऱ्यात जातो आणि मग सगळं गाव कुस्त्यांच्या आखाड्यावर लोटतं. त्या वर्षी एक नवीन गोष्ट होती. गावातल्या केबलवाल्यानं आखाड्यापासून आपल्या कंट्रोल रूमपर्यंत वायर ओढून कुस्त्या घरोघरी लाइव्ह दाखवायचं ठरवलं होतं. त्याची यात्रेपेक्षा जास्त चर्चा होती.

देवळाची पूजा पिढ्यान्‌पिढ्या एका गुरव घराण्याकडे. त्या वेळचे गुरव साठी ओलांडलेले, सारं गाव त्यांना आप्पा म्हणायचं. कुस्त्यांच्या दिवशी तीन वाजता त्यांनी मुखवटा गाभाऱ्यात ठेवला, जाळीच्या दाराला कुलूप लावलं आणि शेजारच्याच वस्तीवर घरी गेले. दोन दिवस उभं राहून पाय सुजले होते. पाच वाजता सांजेच्या पूजेला आले, कुलूप काढलं, तर देवाच्या जागी नुसता पाट. कुलूप तुटलेलं नव्हतं की दाराला ओरखडा नव्हता.

ह्या दाराला एक विजेची घंटी होती. शेजारच्या गावात देवळात चोरी झाल्यावर देवस्थान कमिटीनं कासुर्डीच्या एका वायरमनकडून ती बसवून घेतली होती. दार सरकलं की घंटी अशी वाजायची की कालव्यापलीकडं ऐकू जावं. त्या दुपारी ती वाजली नाही.

कुलपाच्या किल्ल्या दोनच, असं मला सांगण्यात आलं. एक आप्पांच्या कमरेला. दुसरी कमिटीच्या अध्यक्षांकडे पाकिटात, लाखेचं सील लावलेली. ते सील मी स्वतः तपासलं, शाबूत होतं. मग राहिलं कोण? कमिटीच्या खजिनदारानं फिर्याद दिली, मी गुन्हा दाखल करून घेतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कमिटीच्या सगळ्यांचे जबाब नोंदवले. तिसऱ्या दिवशी ठाण्याला एक आंतरदेशीय पत्र आलं. खाली सही नाही, वर शिक्का भांडगावचा. आत एकच ओळ होती: गुरवाच्या गोठ्यातला कडबा हलवून बघा.

आम्ही पंच घेऊन गेलो. कडब्याच्या चौथ्या पेंढीखाली फडक्यात बांधलेला चांदीचा एक डोळा निघाला. मुखवट्याचे डोळे वेगळे घडवून बसवलेले असतात, त्यातला डावा. आप्पांची बायको दारात उभी होती. तिनं तो डोळा बघितला आणि हात जोडले. आम्हाला की देवाला, ते मला कळलं नाही. आप्पांना अटक केली आणि दौंडच्या न्यायालयातून पोलीस कोठडी घेतली.

माझ्या लेखी तपास तिथंच संपला होता. मुखवटा तेवढा काढून घ्यायचा राहिला होता.

कोठडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना समोर उभं केलं. वयानं माझ्या वडिलांएवढा माणूस आणि मी अरे-तुरे करत होतो.

“तीन ते पाच कुठं होतास?”

“घरी. टीव्हीवर कुस्त्या बघत हुतो.”

“शेवटची कुस्ती कशी झाली?”

“ती न्हाई बघितली साहेब. दोघं सलामीला आले आन् चित्र गेलं. मुंग्या आल्या.”

“लाइट गेली?”

“न्हाई. लाइट हुती, पंखा फिरत हुता. फकस्त चित्र गेलं.”

“परत कधी आलं?”

“कुस्ती सुटल्यावर. फेटं बांधत हुते तवा.”

आता ह्यात एक गोम होती. मी आधीच शिपाई पाठवून पेठेतल्या सात-आठ घरांत चौकशी केली होती. सगळ्यांनी कुस्ती पहिल्या सलामीपासून फेटे बांधेपर्यंत अखंड बघितली होती, कुणाच्याही टीव्हीला मुंग्या आल्या नव्हत्या. ती कुस्ती पंधरा-वीस मिनिटं चालली आणि शेवटी हरणाऱ्यानं डाव फिरवून जिंकली. गावातलं लहान पोरही ती हातवारे करून सांगत होतं. आणि हा माणूस म्हणत होता, मी बघितलीच नाही.

“साऱ्या गावाला कुस्ती दिसली आणि तुला एकट्याला मुंग्या?” असं म्हणून मी हात उचलला. एकच थप्पड. त्यांची टोपी खाली पडली. त्यांनी ती उचलली, झटकली, पण डोक्यावर घातली नाही, हातातच धरून ठेवली.

“साहेब, जे दिसलं त्येच सांगतोय,” ते म्हणाले.

बाहेर आलो तर हवालदार जिन्यापाशी तंबाखू मळत उभे होते. मी विचारलं नसताना ते बोलले, आणि असं क्वचित व्हायचं.

“साहेब, राग न्हाई ना येनार? ज्याला खोटं बोलायचंय त्यो अख्खी कुस्ती सांगंल. समद्या गावाला तोंडपाठ हाय. आप्पाच्या घरच्यांनी बी काल डबा देताना त्यास्नी सांगितलं, म्हना की बघितली. तरी ह्यो मानूस म्हनतोय बघितली न्हाई. कशापायी?”

“वय झालंय, सुचत नसेल,” मी म्हणालो. हवालदारांनी तंबाखू तोंडात टाकली.

तिकडे गावात दुसरंच शिजत होतं. येत्या रविवारी गावकीची बैठक बोलावली होती आणि आप्पांच्या घराण्याकडून पूजा कायमची काढून घ्यायचा ठराव तयार होता. आप्पांची बायको सकाळी देवळात झाडलोट करायला गेली, तर तिला पायरीवरूनच परत पाठवलं. हे मला ठाण्यात बसून समजत होतं. वाईट वाटलं का म्हणाल, तर नाही. चोराच्या घरचे म्हटल्यावर असं व्हायचंच, असा माझा तेव्हाचा हिशेब होता.

मी केबलच्या कंट्रोल रूमवर गेलो तो आप्पांना सोडवायला नव्हे, त्यांचं खोटं पक्कं करायला. प्रक्षेपण अखंड चालू होतं असा केबलवाल्याचा दाखला जोडला की दोषारोपपत्राला बळकटी येईल, एवढाच विचार.

कंट्रोल रूम म्हणजे पेठेतली पत्र्याची खोली. वर तीन मोठ्या डिश, आत फळ्यांवर लाल दिव्यांच्या पेट्या, दोन व्हीसीआर आणि तीन टीव्ही एकाच वेळी चालू. केबलवाला वसुलीला गेला होता. खुर्चीवर त्याची सून बसली होती, बारावी शिकलेली, पंचविशीची. समोर हिरव्या कापडी पाठीचं रजिस्टर. मी बोलत असतानाही तिची नजर मधूनच टीव्हीकडे जायची आणि ती एखादा आकडा लिहायची. मला ते जरा उद्धटपणाचं वाटलं.

“आखाड्यातलं प्रक्षेपण अखंड होतं, तसं लिहून देते,” ती म्हणाली. “पण साहेब, तुम्ही इथलं विचारताय की सगळ्या लाइनींचं?”

“म्हणजे?”

मग तिनं मला समजावून सांगितलं. ह्या खोलीतून सात वायरी निघतात, सात लाइनी. प्रत्येक लाइनीवर खांबाला एक डबा असतो, अँप्लिफायर. तो चित्र पुढं ढकलतो. डबा बंद पडला की त्या लाइनीपुरतं चित्र जातं, बाकी गावाला पत्ताही लागत नाही. आणि इथं बसून तर मुळीच कळत नाही, कारण इथल्या टीव्हीवर चित्र असतंच.

“मग तुम्हाला कळतं कसं?”

“पहिल्यांदा कळायचंच नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, आठवडाभर चित्र नव्हतं. जाहिरातवाला म्हणायचा, माझी जाहिरात लागलीच नाही. मामंजी भांडून भांडून कावले होते. मग मी म्हटलं, प्रत्येक लाइनीच्या शेवटच्या घरातल्या एका माणसाला कागद देऊ. त्यांनी चित्र गेल्याची आणि आल्याची वेळ लिहायची, आम्ही त्यांना केबल फुकट द्यायची. आमचा वायरमन संध्याकाळी कागद गोळा करतो. जाहिराती आणि कार्यक्रम मी इथं बसून लिहिते. महिना संपला की त्याचा तक्ता करते.”

तिनं यात्रेच्या दिवसाचं पान काढलं. सहा लाइनींसमोर ‘ठीक’ असं लिहिलेलं. सातव्या लाइनीसमोर लिहिलं होतं: चार अकराला गेले, चार सव्वीसला आले.

“सात नंबरवर कोण कोण येतं?” मी विचारलं.

“देवळाजवळची वस्ती. मग कालवा ओलांडून मळा.”

देवळाजवळची वस्ती, म्हणजे आप्पांचं घर. मी खुर्ची ओढून बसलो. इतका वेळ मी उभ्यानंच बोलत होतो.

तिनं रजिस्टरमधून एक घडी घातलेला मोठा कागद काढला. तो त्या महिन्याचा तक्ता. आडव्या रांगेत तारखा, उभ्या रांगेत लाइनी, आणि चित्र गेल्याच्या जागी स्केचपेननं लाल खूण, खाली वेळ आणि मिनिटं. बाकीच्या लाइनींच्या खुणा कुठंही पडलेल्या होत्या, कधी सकाळी तर कधी जेवणाच्या वेळेला. सात नंबरला महिन्यात फक्त तीन खुणा होत्या. तिन्ही शेवटच्या आठ दिवसांतल्या आणि तिन्ही दुपारी चारच्या पुढच्या. आधीच्या दोन, प्रत्येकी दोन-तीन मिनिटांच्या. तिसरी यात्रेच्या दिवशीची, पंधरा मिनिटांची.

“दोनदा वायरमनला चढवलं खांबावर. डबा चांगला आहे,” ती म्हणाली. “मी मामंजींना म्हटलं पण, बिघाड असा घड्याळ बघून होत नाही.”

“ह्या डब्याला वीज कुठून दिलीय?”

“देवळातनं. मेन स्विचच्या पुढून वायर घेतलीय. त्याच्या बदल्यात आम्ही यात्रा फुकट दाखवतो.”

मी तिला ते परत एकदा सांगायला लावलं.

तिथून मी आणि हवालदार सरळ मळ्यात गेलो, सात नंबरच्या शेवटच्या घरी. तिथं दौंड जंक्शनवर सिग्नलच्या केबिनमध्ये आयुष्य काढलेले एक निवृत्त रेल्वेवाले राहायचे. गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे दिवसभर टीव्हीसमोर. त्यांनी मूळ कागद दाखवला. वेळा त्याच, अक्षर छापल्यासारखं.

“घड्याळ बरोबर होतं कशावरून?” मी विचारलं.

त्यांना ते लागलं. “साहेब, तीस वर्षं गाड्या पास केल्यात. मिनिटाचा फरक पडला तर वर जाब द्यावा लागायचा. रेडिओच्या बातम्या लागल्या की रोज घड्याळ लावतो. तुमच्या हातातलं दोन मिनिटं पुढं हाय.”

खरंच पुढं होतं.

परतताना देवळाजवळच्या वस्तीवर थांबलो. पुरुषमंडळी यात्रेच्या दिवशी आखाड्यावर होती हे मला माहीत होतं, म्हणून इथं कुणाला विचारायचं काय, असं मी तेव्हा धरून चाललो होतो. एका घरापुढं दोन बायका लसूण सोलत होत्या. हवालदारांनी विचारलं, त्या दिवशी टीव्ही चालू होता का?

“व्हय की. कुस्त्या लागल्या हुत्या आन् मधीच मुंग्या आल्या,” एक म्हणाली. “दोनी घरात. लाइट हुती, पर चित्र न्हाई.”

“मग सांगितलं का नाही?” मी जरा चिडूनच बोललो.

तिनं माझ्याकडं बघितलं. “आमाला कुनी इचारलंच न्हाई. कुस्त्यांचं बायांना कशाला इचारत्याल?”

ती बरोबर बोलत होती. पेठेत पाठवलेल्या शिपायालाही मी सांगितलं होतं, घरातल्या पुरुषांना विचार.

त्याच संध्याकाळी पंचांसमक्ष देवळात प्रयोग केला. एक शिपाई आप्पांच्या घरी टीव्हीसमोर बसवला आणि हवालदारांनी देवळाचा मेन स्विच खाली ओढला. तिकडून शिपाई ओरडला, मुंग्या आल्या. इकडे मी जाळीचं दार सरकवलं. घंटी वाजली नाही. मेन वर केला, चित्र आलं. दार पुन्हा सरकवलं आणि घंटीनं कान किटले. कुस्त्यांच्या वेळी देवळातला लाउडस्पीकरचा कर्णा आखाड्यावरच्या घोषणा ऐकू याव्यात म्हणून बंदच ठेवला होता आणि भर दुपारी दिवे गेलेले कुणाच्या लक्षात येणार? चोरानं घंटीसाठी मेन बंद केला, त्याबरोबर खांबावरचा डबा बंद पडला आणि आप्पांच्या घरी मुंग्या आल्या. आप्पांचा शब्द न् शब्द खरा होता.

तरी पोलिसाचं मन. वाटलं, मेन आप्पांनीच बंद केला असला तर? चित्र गेल्याचं त्यांना त्यावरूनच माहीत असेल. ठाण्यात आलो आणि कोठडीपाशी गेलो. ह्या वेळी तोंडातून आपोआप ‘आप्पा, तुम्ही’ असं निघालं.

“आप्पा, पूजेच्या वेळी घंटी वाजू नये म्हणून तुम्ही रोज मेन बंद करता का?”

“मेन कशाला? समद्या देवळात अंधार हुईल. समईच्या दिवळीत बारकं बटन हाय. वायरमननं मला एकट्यालाच दावून ठिवलंय, कुनाला सांगू नका म्हनाला.”

“हे आधी का नाही सांगितलं?”

“तुमी त्ये इचारलंच न्हाई साहेब.”

एका दिवसात हे वाक्य मी दुसऱ्यांदा ऐकत होतो.

आता चित्र स्पष्ट झालं. चोर असा माणूस होता, ज्याला घंटी माहीत होती, पण दिवळीतलं बटन माहीत नव्हतं. ज्यानं आठवड्यात दोनदा मेन बंद करून घंटी खरंच गप्प बसते का ते बघून घेतलं होतं. आणि ज्याच्याकडं किल्ली होती. मी कुलपाची चौकशी परत पहिल्यापासून केली. कुलूप नवं होतं, पुण्याहून आणलेलं. हवालदार म्हणाले, असल्या कुलपाबरोबर तीन किल्ल्या येतात. कमिटीकडे जमा झाल्या दोन. आणि कुलूप आणलं होतं खजिनदारानं, ज्यानं फिर्याद दिली होती त्यानंच.

पण नुसत्या तिसऱ्या किल्लीवर प्रतिष्ठित माणसाला हात लावता येत नाही. मी त्याचा जबाब काढून वाचला. माझ्याच हस्ताक्षरातला होता. त्यात होतं: कुस्त्यांच्या दिवशी ऊन लागल्यामुळे घरी पडून होतो, घरचे आखाड्यावर गेले होते, मी शेवटची कुस्ती टीव्हीवर पूर्ण पाहिली. पुढं कुस्तीचं सगळं वर्णन, आणि एक वाक्य असं, की ऐन रंगात खतांच्या दुकानाची जाहिरात आल्यामुळे मला राग आला.

खजिनदाराचं घर देवळाजवळच्याच वस्तीवर होतं, सात नंबरच्या लाइनीवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंट्रोल रूम उघडायच्या आधी मी दारात हजर होतो. जाहिरातींचं पान तिनं काढलं आणि बोट फिरवत खाली आली. “खतांची जाहिरात... रात्री आठ वाजून बारा मिनिटं. पुनःप्रक्षेपण.”

“आणि दुपारी?”

“दुपारी कशी लागेल? लाइव्हमध्ये जाहिरात घालायचं मशीनच आमच्याकडं नाही. रात्री कॅसेट लावली तेव्हा मधे थांबवून मी स्वतः घातली.” मग तिनं विचारलं, “आप्पांना सोडणार ना, साहेब? उद्या रविवार आहे.”

मी हो म्हणालो. रविवारची बैठक मी विसरलो होतो, ती नव्हती.

खजिनदाराला ठाण्यात बोलावलं, चहा दिला. आवाज चढवायचा नाही, असं मी ठरवलं होतं. तेवढं एव्हाना शिकलो होतो. म्हटलं, मी त्या दिवशी गावात नव्हतो, ती कुस्ती कशी झाली ते सांगा ना. त्यानं रंगवून सांगितली. जाहिरातीचा राग पुन्हा आला.

मी रजिस्टर उघडून त्याच्यासमोर ठेवलं. “चार अकरा ते चार सव्वीस तुमच्या घरी चित्रच नव्हतं. आणि ज्या जाहिरातीचा तुम्हाला राग आला, ती आठ बाराची आहे. तुम्ही कुस्ती रात्री बघितलीत. दुपारी कुठं होता?”

त्यानं रजिस्टर स्वतःकडं ओढलं. मग म्हणाला, “ह्ये कोन लिवतं?”

“केबलवाल्याची सून.”

“मला वाटायचं, जाहिरातींचं लिवती.”

“तेही लिहिते.”

त्यानं पाणी मागितलं आणि पुढच्या अर्ध्या तासात सगळं सांगितलं. मुखवटा त्यानं स्वतःच्या कांद्याच्या चाळीतून पंचांसमक्ष काढून दिला, नव्या कांद्याच्या थराखाली, पोत्यात गुंडाळलेला. डावा डोळा नव्हता. तो आप्पांच्या कडब्यात त्यानंच नेऊन ठेवला होता, पत्रही त्याचंच होतं. चांदीची हाव नव्हती. गुरवांच्या इनामाची जमीन हायवेला लागून होती. तिथं गाळे काढायचा कमिटीत त्याचा आग्रह होता आणि आप्पा सही देत नव्हते. चोरीच्या आळाखाली ते आत गेले की पूजा जाईल, पूजेबरोबर जमीन जाईल. “सही दिली आसती तर ह्यातलं कायबी झालं नसतं,” तो म्हणाला, जणू गुन्हा आप्पांचा होता.

त्यांच्याविरुद्ध पुरावा नसल्याचा, कलम एकशे एकोणसत्तरचा अहवाल देऊन आप्पांना शनिवारी संध्याकाळी सोडवून घेतलं. मी त्यांना जीपमध्ये पुढं बसवून गावात नेलं, मुद्दाम पेठेतून, सगळ्यांना दिसेल असं. रविवारची बैठक झालीच नाही. सकाळी आप्पा नेहमीच्या वेळेला देवळात गेले. मुखवटा न्यायालयाच्या ताब्यात होता, म्हणून त्यांनी रिकाम्या पाटाची पूजा केली. पायरीवर त्यांच्या बायकोचा झाडू होता.

त्या रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. माफी मागायची होती, तेवढ्यात केबलवाल्याची सून आली. पिशवीत व्हीसीआर आणि कॅसेट. म्हणाली, “आप्पा, तुमची शेवटची कुस्ती राहिलीय. मी लावून देते.” मला बरं वाटलं. म्हटलं, बघा आप्पा, मीही बसतो तुमच्याबरोबर.

आप्पांनी मान हलवली.

“नको पोरी. घिऊन जा परत. गाव म्हनलं समद्यांनी बघितली, साहेब म्हनलं तुलाच कशी दिसली न्हाई, घरच्यांनी बी सांगितलं, बघितली म्हना आन् सुटा. आता बघितली आन् उद्या कुनी इचारलं, तर व्हय म्हनावं लागंल. न बघितलेलीच ऱ्हाऊ दे.”

तिनं कॅसेट पिशवीत ठेवली. मी चहा पिऊन निघालो. माफी तशीच राहिली.

पुढं नोकरीत मी काही सवयी बदलल्या. जबाब घेताना काय पाहिलं याबरोबरच काय पाहिलं नाही, हेही विचारू लागलो. घरातल्या बायकांना विचारू लागलो. आणि आपल्या सोयीचं न बोलणारा माणूस भेटला की एकदम खोटारडा ठरवायचं टाळलं. ती सून पुढं दौंडला एका मोठ्या केबल कंपनीत ह्याच कामावर लागली, आता तिथं सगळं संगणकावर होतं असं ऐकतो. आप्पा जाऊन बरीच वर्षं झाली. ती कुस्ती त्यांनी शेवटपर्यंत बघितली नाही, हे मला त्यांच्या मुलानं सांगितलं.

एक गोष्ट मात्र राहून गेली आहे. त्या बाईच्या रजिस्टरमध्ये सगळं होतं, गेलेलं चित्र, आलेलं चित्र, लागलेली जाहिरात, मिनिटासकट. तिचं चुकलं असतं तर तेही तिनं लिहिलं असतं. माझ्या स्टेशन डायरीत त्या सकाळी मी लिहिलं होतं, ‘आरोपी विसंगत उत्तरे देतो.’ बाकीचं लिहिलं नव्हतं. तेव्हा ती नोंद इथं करतो. कोठडीचा दुसरा दिवस, सकाळी साडेदहाच्या सुमारास, मी त्या माणसाच्या तोंडात मारली. त्यांनी खरं सांगितलं होतं.